तेराव्याला कोण कोण येणार?

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
पितृपक्ष सुरू. वरच्या मजल्यावरच्यांनी गच्चीत कावळ्यासाठी पान ठेवले. कावळ्याने वडा आमच्या खिडकीत आणून टाकला. सोसायटीला पत्र लिहिणे.
आजपासून पुन्हा रोजनिशी. नियम: खरे लिहायचे, थोडक्यात लिहायचे, पाल्हाळ नको. एकतीस वर्षे नववी-दहावीला विज्ञान शिकवले. दुसऱ्यांचा पाल्हाळ कापण्यातच आयुष्य गेले.
ज्ञानेश्वरीचा फोन नाही. दहा महिने होत आले. मुलीने आईला पुण्याहून फोन करायला काही लागत नाही. हे गेले तेव्हा मी दहावा-तेरावा केला नाही आणि चौथ्या दिवशी ट्यूशन सुरू केली, याचा तिला राग आहे म्हणे. दहावीची बॅच होती, प्रीलिम तोंडावर. शहाणे माणूस यावर चिडत नाही. तेव्हा खरे कारण दुसरे असणार. शोधून काढणे.

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ११
ह्यांचा फोन मी चार्ज करून ठेवते. बँकेचे ओटीपी त्यावर येतात. (अजून आलेला नाही, पण येऊ शकतो.) अधूनमधून वाजतो, मी बघत नाही. आज धूळ पुसायला उचलला तेव्हा दिसले. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप: ‘तेरावा, बोईसर-पालघर’. कोणा दर्पणने विचारले होते, २ नोव्हेंबरच्या तेराव्याला कोण कोण येणार? अठरा जण येणार. एकाने लिहिले, मागच्या तेराव्याला फुल धमाल आली. हिना नावाच्या मुलीने लिहिले, या वेळी तिरडीच्या अगदी जवळ उभं राहायचं.
दोन महिने आधी तेरावा कसा ठरतो, कळेना. तरी रीत म्हणून लिहिले: ‘कोण गेले? भावपूर्ण श्रद्धांजली. मृताच्या घरी धमाल करणे शोभत नाही.’
हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ‘काका परतले!’ ‘काय एन्ट्री, काका!’ ‘कुठे होता इतके दिवस?’
मुलांची मानसिक स्थिती बरी नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३
चौकशी पूर्ण. तेरावा हा विधी नसून बँड आहे. नाशिकची पाच मुले. शॉक मेटल नावाचा प्रकार. अंगाला राख, डोळ्यांभोवती काजळ. मुख्य गायकाला ‘गुरुजी’ म्हणतात. त्याला तिरडीवर बांधून आणतात, पहिल्या गाण्याला तो उठतो आणि शेवटच्या गाण्याला मडके फोडतो. अल्बम तीन: ‘कावळा शिवेना’, ‘सुतक’, ‘गोडाचं जेवण’. यातला कोणता श्रेष्ठ, यावर ग्रुपमध्ये दोन पक्ष आहेत.
निष्कर्ष: हा ग्रुप ज्ञानेश्वरीचा. कॉलेजात असताना माझ्यापासून लपवायचे ते सगळे ती बापाच्या फोनवरून करायची. ‘काका’ हे टोपणनाव. हल्लीच्या मुली एकमेकींना भाई म्हणतात, ब्रो म्हणतात. काकात नवल नाही.
म्हणजे मुलगी बिघडली ती इथे. माझा संबंध नाही. डोके हलके झाले.
योजना: ग्रुपमध्ये ‘काका’ म्हणून राहायचे. संगत पाहायची. पुरावा गोळा करून ज्ञानेश्वरीपुढे ठेवायचा. ती माफी मागेल, दिवाळीला घरी येईल. तीन आठवडे पुरेत.

१४ सप्टेंबर, रविवार
दर्पण दांडीचा. बोटींची इंजिने दुरुस्त करतो. त्याने लिहिले, ‘सुतकचा ड्रम आयकला का? नाद नाय. आमी समजलो बोट खडकावर बसली.’
मी लिहिले: ‘ऐकला. नाही. आम्ही. शुद्ध लिहा.’
त्यावर चोवीस हसरी तोंडे. दर्पण: ‘बरं काका. ऐकला. नाही. आम्ही. पण बोट खडकावरच बसली.’
हे लोक रागावत नाहीत. संशयास्पद.
‘कावळा शिवेना’च्या शोचे फोटो पाहिले. गुरुजींच्या छातीवर रक्त. लिहिले: ‘हे बीट आहे. रक्त वाळल्यावर तपकिरी होते, गुलाबी राहत नाही.’ हिनाने लिहिले, ‘काका सही बोल रहे हैं. मी लॅबमध्ये रोज बघते.’ हिना बोईसरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. म्हणजे शिकलेलीही मुलगी आहे. आश्चर्य.

२० सप्टेंबर, शनिवार. सकाळी ९
भक्कम पुरावा. ह्यांच्या कपाटात, स्वेटरच्या खाली, काळा टी-शर्ट. पाठीवर कावळा. साइझ एक्सएल. ज्ञानेश्वरीला सैल कपडे आवडतात.
नवसी केर काढत होती. बघून म्हणाली, ह्यो साहेबांचा हाय. तुमी ट्यूशनमध्ये असायच्या तवा वर गच्चीवर वाळत घालायचे. मला सांगायचे, बाईला नको सांगू.
मी म्हटले, साहेब चेक्सचा शर्ट घालत. ती म्हणाली, घरात. आणि पुढे केर काढत राहिली.
नवसी कामाला चोख आहे, निरीक्षण कच्चे.
टी-शर्ट धुतला. पुरावा स्वच्छ असलेला बरा. इस्त्री केली. परत स्वेटरखाली ठेवला.

२७ सप्टेंबर, शनिवार
विरोध करायचा तर विषय माहीत हवा. म्हणून ‘गोडाचं जेवण’ ऐकला. भांडी घासताना ऐकला, वेळ वाया गेला नाही. मत: पसरट. तिसऱ्या गाण्यात ‘स्मशान’चा उच्चार ‘शमशान’ केला आहे. हे अक्षम्य. ग्रुपवर तसे लिहिले. ‘सुतक’ पक्षाने मला डोक्यावर घेतले. दर्पण म्हणाला, काका आधी कुणाच्या बाजूने बोलायचे नाहीत, आता तलवारच काढली.
मग हिनाने लिहिले, ‘काका, तुम्ही बदललात. आधी किती मस्करी करायचात.’
ज्ञानेश्वरी मस्करी करते हे मला माहीत नव्हते. घरी कधी केली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी ४
ग्रुपवर वर-वर सरकत जुने मेसेज वाचले. ‘काका’ने, म्हणजे ज्ञानेश्वरीने, लिहिलेले उतरवून घेत आहे.
‘घरी आवाज चालत नाही. आमच्या बाई शिस्तीच्या.’
इथे ‘बाई’ म्हणजे मी. ती माझ्याच शाळेत होती. वर्गात आई म्हणायचे नाही, बाई म्हणायचे, असे मीच बजावले होते. पुढे घरीही काही वर्षे तसेच म्हणायची.
‘आज बाईंनी कढी केली होती. डबाभर आणलीय. कुणी नाक मुरडू नका.’
पॉवर प्लांटमधून निवृत्त झाल्यावर ह्यांना रिटायर्ड कर्मचाऱ्यांच्या मीटिंगा फार असत. महिन्या-दोन महिन्यांनी, रविवारी. कढीचा डबा नेत. ज्ञानेश्वरी तो मध्येच लांबवत असणार.
‘चाळीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसलो. तिथे कुणी मोठ्याने शिंकलं तरी दहा माना वळतात. इथे वाटेल तेवढं ओरडा, कुणी बघत नाही.’
ही बापाची नक्कल. आणि ‘बसलो’ असे पुल्लिंगी लिहिले आहे, म्हणजे टोपणनाव शेवटपर्यंत सांभाळते. व्याकरण पक्के. माझीच मुलगी.
ह्यांचे शर्ट मीटिंगहून येताना राखेने माखलेले असत. विचारले तर म्हणत, सत्यनारायण होता. दर मीटिंगला सत्यनारायण कशाला, असे एकदा म्हटले होते. संस्थेला पत्र लिहिणार होते. राहिले.

१२ ऑक्टोबर, रविवार
नवसी भातकापणीसाठी रजेवर. केर मीच काढते.
‘सुतक’ पूर्ण ऐकला. दोनदा. अभ्यासासाठी. शेवटच्या गाण्यात चार मिनिटे नुसती एक बाई मोजत असते: एक, दोन, तीन, असे तेरापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. मागे गिटार आहे पण ती जवळ येत नाही. याला गाणे म्हणावे का, हा प्रश्न आहे. तिसऱ्यांदा लावून पाहिले.
कांदा चिरत होते, डोळ्यांतून पाणी आले. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगामुळे येते. दहावीला उदाहरण म्हणून देत असे.
दिवाळी आठ दिवसांवर. तीन आठवड्यांची मुदत संपली. पुरावा भरपूर झाला आहे. ज्ञानेश्वरीला फोन करून ऐकवायचा होता, पण रविवारी लोक विश्रांती घेतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
ज्ञानेश्वरीचा फोन नाही. मीही केला नाही. मी का करावा.
ग्रुपवर शुभेच्छा. दर्पणने बोटीला लावलेल्या माळांचा फोटो टाकला. हिनाने फक्त मला लिहिले: ‘काका, बाई कशा आहेत? आणि तब्येत ठीक ना? मागच्या वेळी छातीचं बोलला होता, मग एकदम गायबच झालात. फोन केले, उचलला नाही. आम्हाला वाटलं, मुलीकडे गेलात.’
मुलीकडे.
पुन्हा वर सरकत गेले. ‘काका’चा शेवटचा मेसेज राहिला होता वाचायचा. २४ नोव्हेंबर २०२४, रविवार, दुपारी २.१५:
‘छातीत जड वाटतंय. आज येत नाही. बाईंना सांगितलं नाही, त्यांची ट्यूशन चालू आहे, उगाच उठतील. मडकं फुटताना माझ्यासाठीपण ओरडा.’
त्या दिवशी मी आतल्या खोलीत मुलांना आरशातले परावर्तन शिकवत होते. मध्ये एकदा पाणी प्यायला बाहेर आले. हे खुर्चीत होते. बरे आहे ना, असे विचारले. हो, म्हणाले. साडेतीनला मुलांना सोडले.
ज्ञानेश्वरी त्या दिवशी पुण्यात होती. तिला ॲसिडिटी झाली असेल.
चष्म्याचा नंबर तपासून घेणे.

२६ ऑक्टोबर, रविवार
कढी केली. सवयीने दोघांची झाली. उरलेली टाकली.

३० ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ७
रविवारच्या शोला जाण्याचे ठरवले. उमरोळीजवळच्या मंगल कार्यालयात आहे. दुपारी चारला, कारण आठ वाजता तिथे साखरपुडा आहे. ज्ञानेश्वरी येणारच. तिथे तिला रंगेहाथ पकडायचे. सर्वांसमोर बोलायचे नाही, बाजूला घ्यायचे, शांतपणे बोलायचे, रिक्षात बसवायचे, घरी आणायचे. रात्रीला वरण-भात. इतके सोपे आहे.
ग्रुपवर लिहिले: ‘येत आहे.’
दर्पणने बोटीचा भोंगा वाजवून रेकॉर्डिंग पाठवले.
नवसी परत आली. सांगितले, रविवारी संध्याकाळी येऊ नको, मी बाहेर जाते. कुठं? तेराव्याला. कोणाच्या? म्हटले, अजून माहीत नाही. तिने झाडू खाली ठेवला. मग म्हणाली, जाऊन या बाई. येवढे महिने झाले. जायाला पाह्यजे.

३ नोव्हेंबर, सोमवार. पहाटे ५.५०
काल लिहिले नाही. आज क्रमाने लिहिते.
कार्यालयाच्या दारावर ‘शुभ साखरपुडा’ अशी फुलांची कमान होती. खाली काळ्या कपड्यांतली शंभर-सव्वाशे माणसे. मी पांढऱ्यावर करड्या काठाची साडी नेसले होते. सोबत छत्री, पाण्याची बाटली आणि ह्यांचा फोन.
ज्ञानेश्वरी दिसली नाही. सगळीकडे पाहिले.
हिनाने ग्रुपवर लिहिले, काका कुठे आहात? माझ्या पर्समध्ये फोन वाजला. ती दोन हात अंतरावर उभी होती. तिने पुन्हा लिहिले, पुन्हा वाजला. तिने माझ्याकडे पाहिले. शेजारी एक दणकट माणूस, मिशीला राख लावलेला. तो दर्पण. मला वाटले होते कॉलेजचा असेल, पन्नाशीचा आहे.
तो म्हणाला, हा काकांचा फोन हाय.
मी म्हटले, आहे.
मग त्याने हळूच विचारले, तुमी बाई का?
मी तयारीने गेले होते. संगत, संस्कार, तरुण पिढी, असे मुद्दे होते. तोंडातून निघाले ते असे: हे गेले. मागच्या वर्षी. येत नाही असे लिहिले, त्याच रविवारी.
हे वाक्य मी याआधी बँकेत, पेन्शनच्या ऑफिसात आणि गॅस एजन्सीत बोलले आहे. दर वेळी समोरच्याने फॉर्म पुढे केला. दर्पणने काही पुढे केले नाही. खाली बसला. तिथेच, जमिनीवर. हिना म्हणाली, म्हणजे इतके दिवस तुम्ही? म्हटले, हो. ती म्हणाली, शुद्धलेखन बघून मला शंका आली होती.
त्यांनी सांगितले. पहिल्या शोला काका चुकून आले होते, ओळखीतल्या कुणाचा तेरावा आहे असे समजून. हातात नारळ घेऊन. बोर्ड वाचला, लाइनीत उभे राहिले, आत आले. नंतर नऊ शोंना आले. नेहमी मागे, पंख्याखाली. प्लांटमधले कानात घालायचे बोळे खिशात ठेवत आणि नव्या पोरांना वाटत. दर्पण म्हणाला, नाचायचे नाहीत, पण शेवटी ओरडायचे असे की भिंत हलायची.
मी एकोणचाळीस वर्षांत ह्यांचा चढलेला आवाज ऐकलेला नाही. दुसऱ्या कोणाबद्दल सांगताहेत की काय, असे वाटले. पण नारळ ऐकल्यावर खात्री पटली. नारळाशिवाय हे कुठे जात नसत.
शो सुरू झाला तो सायरनने. सायरन झाल्याबरोबर अर्ध्या सभागृहाने रुमाल ओले करून नाकावर धरले आणि वारा कुठून येतो ते पाहिले. मीही. अणुऊर्जेच्या प्लांटशेजारी राहिल्यावर, सायरनची कवायत करून करून, अंगात मुरते ते. नाशिकच्या मुलांना वाटते, ही इथल्या चाहत्यांची खास सलामी आहे. गुरुजी तिरडीवरूनच हात जोडून म्हणाले, पालघर, तुमची ही स्टाइल कुठेच नाही.
पुढचे दोन तास आवाज होता. बऱ्यापैकी वाजवतात. ‘शमशान’ दुरुस्त केलेले नाही.
शेवटच्या गाण्याआधी गुरुजी मडके घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, आपापल्या माणसाचं नाव घ्या. सगळे ओरडू लागले. आजी, आप्पा, कोणी मित्र, कोणी कुत्रा. दर्पण माझ्या कानाशी येऊन म्हणाला, घ्या बाई. काकांचं नाव घ्या. त्याला फक्त काका माहीत होते, नाव माहीत नव्हते.
मी विज्ञानाची शिक्षिका. मंगळसूत्र, हळदीकुंकू, उपास काही मानत नाही. नवऱ्याचे नाव घेतले तर आयुष्य कमी होते वगैरे सगळे मूर्खपणा, असे वर्गात सांगत आले. पण घ्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आले की फॉर्म सोडून कुठे घेतलेलेच नाही. तोंडाला त्याचे वळणच नाही.
जोर लावला. निघाले ते: अहो!
नेमका त्याच क्षणी आवाज थांबला होता.
स्टेजवरून गुरुजी वळले. राख, काजळ, छातीवर बीट. अदबीने म्हणाले, बोला, काकू?
म्हटले, तुम्हाला नाही.
सगळे हसले. मग हसायचे थांबले. गुरुजींनी मडके फोडले नाही, हातात धरून उभे राहिले. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अहो. पाच-सहा वेळा झाले असेल. मग दर्पण माझ्याबरोबर अहो म्हणू लागला, मग हिना, मग बाकीचे. सव्वाशे माणसे माझ्या नवऱ्याला अहो म्हणत होती. औचित्याचा प्रश्न आहे.
मडके फुटले. मला काही वाटले नाही. पाय दुखत होते.
दर्पणने घरापर्यंत सोडले. खालूनच परतला.

३ नोव्हेंबर, दुपारी १
ठराव: रोज सकाळी ह्यांचे नाव पाच वेळा मोठ्याने घेणे. सवयीने सगळे जमते. आज घेतले नाही, नवसी घरात होती.
ज्ञानेश्वरीला फोन करणे. मुद्दे कागदावर काढले, सहा झाले. माझी चूक हा चौथा आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी १०.४०
फोनपेक्षा आधी मेसेज बरा, असे ठरवले. तिला तयारीला वेळ मिळतो. दीड पान लिहिले. पाल्हाळ वाटला. कापले. पुन्हा कापले. शेवटी उरले ते पाठवले: ‘ज्ञानू, घरी ये.’
मी तिला ज्ञानू म्हणत नाही. हे म्हणत. बोट कसे तिकडे गेले कळले नाही.
पाठवल्यावर पाहिले तर हातात माझा फोन नव्हता. दोन महिने सगळे टायपिंग ह्यांच्या फोनवर केले, हात तिकडेच गेला. तिला मेसेज गेला तो बाबांकडून.
पुसायला गेले, तोवर तिने वाचला होता.
लगेच फोन आला. मी हॅलो म्हटले. पुन्हा हॅलो म्हटले. मग म्हणाली, आई, तू आहेस होय.
म्हटले, हो, मीच.
मग ती रडत राहिली. मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. काय म्हणतात अशा वेळी ते आठवेना. गॅसवर वरण होते, ते बंद करून आले, तरी रडतच होती. रडू नकोस असे म्हणणार होते, पण म्हटले नाही. तेवढे बरोबर केले असावे.
शेवटी म्हणाली, बाबांचा नंबर बंद करू नकोस. म्हटले, नाही करत. ठेवते, म्हणाली. ठेव, म्हटले.
मुद्द्यांचा कागद समोरच होता. पहिला मुद्दा: घरी कधी येतेस. तो विचारायचा राहिला.